नाइलकाठचे काशाचे देव

इजिप्तच्या सहलीत काशाच्या छोट्या मूर्तींसाठी सहसा कुणी वेळ काढून ठेवत नाही. पिरॅमिड, तुतनखामुन, अबू सिम्बेल यांतच दिवस संपून जातात. आम्ही मात्र निघालो ते या मूर्तींसाठीच. बोटभर ते हातभर उंचीचे ओसायरिस, मांडीवर बाळ घेतलेली आयसिस, मांजरमुखी बास्टेट, कमळ डोक्यावर घेतलेला नेफरतुम आणि ज्यांच्या अंगावर देव कोरले आहेत अशी पूजेची भांडी. इ.स.पू. पहिल्या सहस्रकात, त्यातही इ.स.पू. ६६४ नंतरच्या तीनेकशे वर्षांत, या वस्तू अमाप ओतल्या गेल्या. आज जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांत त्या आहेत. पण काचेच्या कपाटात एकेकटी उभी असलेली मूर्ती पाहून तिची हकिकत कळत नाही. ती कुणी दिली, कुठे ठेवली आणि शेवटी जमिनीखाली का गेली, हे समजून घ्यायचे तर ज्या मातीतून ती निघाली तिथे जायला हवे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

बरोबर मामा होते. त्यांची उभी हयात कोल्हापूरजवळ शिरोलीला फाउंड्रीत गेली. कुठलीही धातूची वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून तळ बघायची, ही त्यांची सवय. त्यांच्याखेरीज ही सहल अर्धीच झाली असती. मुंबईहून कैरोला थेट विमान मिळते, त्यामुळे जाण्याचा त्रास असा काही नाही.

रविवार, ताहरीर चौक

१९०२ साली उघडलेले ताहरीरचे गुलाबी संग्रहालय मला अजूनही कैरोतले सर्वांत आवडते ठिकाण वाटते. तुतनखामुनचा खजिना गिझाच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये गेला आणि इथली गर्दी ओसरली. आता इथे वस्तूसमोर निवांत उभे राहता येते.

तळमजल्यावर पहिला पेपी राजाचा तांब्याचा पुतळा आहे. साधारण इ.स.पू. २३०० चा, पुरुषभर उंचीचा. १८९७-९८ मध्ये दक्षिणेत हायराकॉनपोलिसच्या देवळात क्विबेल आणि ग्रीन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांना तो सापडला. आणखी एक लहान पुतळा या मोठ्याच्या पोटात घालून ठेवलेला होता. मामांनी त्याच्या भोवती एक चक्कर मारली.

"हे बघ पोरी, हे ओतकाम नव्हे. पत्रा ठोकून केलाय. ह्या कडा बघ, खिळे बघ."

बरोबर होते त्यांचे. एवढी मोठी वस्तू तेव्हा तांब्याचे पत्रे ठोकून, सांधून केली जाई. ओतीव काशाची भरभराट त्यानंतर बऱ्याच शतकांनी झाली.

वरच्या मजल्यावर देवतांच्या दालनात ती भरभराट दिसते. मृतांचा देव ओसायरिस सर्वांत जास्त. ममीसारखे अंगाला घट्ट लपेटलेले वस्त्र, छातीवर दुमडलेले हात, एका हातात आकडीचा दंड, दुसऱ्यात झोडपणी, डोक्यावर दोन बाजूंना शहामृगाची पिसे लावलेला उंच मुकुट. दहा ओसायरिस शेजारी ठेवले तर लांबून सारखेच दिसतात. जवळ गेले की प्रत्येकाचा चेहरा निराळा. कुणाचे गाल भरलेले, कुणाची हनुवटी निमुळती, एखाद्याच्या डोळ्यांत अजून जडावाचे पांढरे टिकून राहिलेले. त्यांच्यापुढे बालहोरस, तोंडाशी बोट आणि कानाशी वळलेली बट. मग मांडीवर पपायरसची गुंडाळी उलगडून वाचत बसलेला इम्होतेप. हा मुळात झोसर राजाचा अधिकारी, पायऱ्यांच्या पिरॅमिडचा कर्ता, आणि दोन हजार वर्षांनंतर देव झालेला. याचा काशातला चेहरा सगळ्या देवांत सर्वांत शांत असतो असे माझे मत आहे. वाचणाऱ्या माणसाला देव मानणारी संस्कृती मला फार जवळची वाटते.

बहुतेक मूर्तींच्या पायांखाली एक खुंटी असते. ती लाकडी पाटात रोवलेली असे. लाकूड गेले आणि खुंटी उघडी पडली. जिथे काशाचाच पाट आहे तिथे मात्र कडेने अक्षरे कोरलेली दिसतात, आणि मी आले होते ती या अक्षरांसाठी. मजकुराची घडण ठरलेली: अमुक देव जीवन देवो, मग देणाऱ्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि पुष्कळदा आईचेही. राजाचे नाव नाही, लढाई नाही, पराक्रम नाही. एका माणसाने देवाकडे आयुष्य मागितले आणि आपली ओळख पटावी म्हणून आईबापांची नावे सांगितली, एवढेच. अडीच हजार वर्षांनंतर ते नाव वाचता येते, ही गोष्ट मला त्या दालनातल्या सोन्याहून मोठी वाटली.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. देवळाच्या गाभाऱ्यातली मुख्य मूर्ती या मूर्तींपेक्षा वेगळी. ती बहुधा मौल्यवान धातूची आणि जडावाची असे. रोज पहाटे तिचे देव्हाऱ्याचे दार उघडायचे, तिला वस्त्र नेसवायचे, सुगंधी तेल लावायचे, नैवेद्य दाखवायचा, हा सगळा विधी पुजारी करत आणि सामान्य माणसाला तिचे दर्शन नसे. अशा गाभाऱ्यातल्या मूर्ती आज जवळजवळ उरलेल्या नाहीत. सोनेचांदी कोण सोडणार? उरले ते बाहेरच्या माणसांनी दिलेले काशाचे देव.

पूजेच्या उपकरणांपुढे आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. सिटुला म्हणजे वर कडी असलेली, खाली निमुळती होत गेलेली बारीक कळशी. तिच्यातून दूध किंवा नाइलचे पाणी वाहायचे. अंगावर पट्टे पाडून देव उठवलेले: सर्वांत वर सूर्याची होडी, मध्ये सुपीकतेचा देव मीन, आयसिस, नेफ्थिस यांची रांग, आणि त्यांच्यापुढे हात वर करून उभा असलेला देणारा माणूस. तळाशी कमळाच्या पाकळ्या. म्हणजे भांडे हातात धरले की आख्खे देवमंडळ मुठीत येते. धूप घालण्याचे साधन हाताच्याच आकाराचे, एका टोकाला ससाण्याचे तोंड, दुसऱ्या टोकाला पंजा आणि पंजावर निखाऱ्याची वाटी. मधे धुपाच्या गोळ्या ठेवायची डबी. हाथोर देवीचा चेहरा असलेली सिस्ट्रम नावाची खुळखुळ्यासारखी वाद्ये तर कितीतरी. ही नुसती ठेवायची चीजवस्तू नव्हती, वापरातली होती. एका सिटुलाची कडी झिजून बारीक झालेली पाहिली आणि मामा म्हणाले, "रोज हातात घेतल्याबिगर असं होत नाही."

सोमवार, सक्कारा

कैरोपासून तासाभराच्या अंतरावर सक्कारा. सकाळी लवकर गेलेले बरे, दुपारी वाळू डोळे उघडू देत नाही. पायऱ्यांचा पिरॅमिड पाहिला, पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

आम्ही सरळ सेरापियमकडे गेलो. १८५० मध्ये ओग्यूस्त मारिएत हा तरुण फ्रेंच माणूस पॅरिसच्या लूव्र संग्रहालयासाठी कॉप्टिक म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची हस्तलिखिते विकत घ्यायला इजिप्तमध्ये आला होता. सक्काऱ्याच्या वाळूत त्याला स्फिंक्सचे डोके दिसले. त्याने पैसे हस्तलिखितांवर न घालता मजूर लावले आणि स्फिंक्सच्या दुतर्फा रांगांमधून जाणारा रस्ता उकरत उकरत तो एपिस बैलांच्या भुयारांपाशी पोहोचला. त्या रस्त्याच्या फरसबंदीखाली आणि वाळूत त्याला शेकड्यांनी काशाचे देव मिळाले. भाविकांनी आणलेले, मग पुजाऱ्यांनी पुरलेले.

भुयारात उतरलो. लांबच लांब बोगदा, दोन्ही बाजूंना खोल कोनाडे आणि प्रत्येकात ग्रॅनाइटची एकेक प्रचंड पेटी. अशा चोवीस पेट्या आहेत, एकेकीचे वजन साठ-सत्तर टनांच्या घरात सांगतात. एपिस हा प्ताह देवाचा जिवंत बैल. एका वेळी एकच. अंगावरच्या खुणा पाहून तो निवडायचा, मेला की राजासारखा पुरायचा. काशाच्या एपिसवर त्या खुणा नेमक्या कोरलेल्या असतात: कपाळावर त्रिकोण, पाठीवर पंख पसरलेले गिधाड आणि पंखवाला भुंगेरा, शिंगांमध्ये सूर्यबिंब. आदल्या दिवशी कपाटात पाहिलेला तळहाताएवढा बैल आणि समोरची खोलीएवढी पेटी, दोन्ही एकाच देवासाठी. ज्याला पेटी देण्याची ताकद नव्हती त्याने तळहाताएवढा बैल दिला. देवाला दोन्ही पोहोचत असणार, अशीच त्यांची श्रद्धा होती.

सक्काऱ्याच्या पूर्व कड्याशी बुबास्टियन म्हणजे बास्टेटचे देऊळ होते. तिच्या मांजरांच्या ममी ठेवायला पुजाऱ्यांनी हजारेक वर्षे जुन्या थडग्यांच्या खोल्या वापरल्या. तुतनखामुनची दाई माया हिचे थडगे १९९६ मध्ये आलँ झिवी यांच्या फ्रेंच पथकाला सापडले, तेही मांजरांच्या ममींनी भरलेले होते. गेल्या काही वर्षांत याच परिसरातून काशाचे देव पुन्हा बाहेर येत आहेत. २०१९ च्या अखेरीस लाकडी आणि काशाच्या पंचाहत्तर मांजरमूर्ती जाहीर झाल्या. २०२० मध्ये न उघडलेल्या शवपेट्यांच्या शोधात नेफरतुमची पस्तीस सेंटीमीटरची काशाची मूर्ती मिळाली, अंगावर तांबडा अकीक, फिरोजा आणि लाजवर्द जडवलेले, आणि पाटावर तिच्या मालकाचे नाव: पुजारी बादी-आमुन. मग मे २०२२ मध्ये अडीचशे रंगीत शवपेट्यांबरोबर दीडशे काशाच्या मूर्ती. ओसायरिस, आयसिस, अनुबिस, आमुन, मीन, हाथोर, बास्टेट, आणि त्यांत एक डोके नसलेला इम्होतेप. त्यांच्याबरोबर आयसिसच्या पूजेची काशाची उपकरणेही होती. ज्या कड्याकडे बोट दाखवून आमचा वाटाड्या हे सांगत होता तिथे वाळूखेरीज काही दिसत नव्हते. तरीही मला तिथून हलावेसे वाटेना.

उत्तरेला प्राण्यांच्या दफनभूमीचा भाग आहे, तो पर्यटकांना बंद असतो. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ वॉल्टर एमरी १९६४ पासून इथे इम्होतेपचे थडगे शोधत होते. ते मिळाले नाही. मिळाली ती आयबिस पक्ष्यांची, ससाण्यांची, वानरांची आणि एपिसच्या मातांची भुयारे, आणि देवळांच्या आवारात पुरलेले काशाच्या मूर्तींचे व भांड्यांचे साठे. १९७१ मध्ये कैरोतच एमरींचे निधन झाले. त्यांच्या खोदकामात खापरांवर डेमोटिक या रोजच्या व्यवहारातल्या लिपीत लिहिलेले टिपणांचे एक दप्तरही निघाले. ते होर नावाच्या माणसाचे. हा नाइलच्या त्रिभुज प्रदेशातल्या सेबेनिटोसचा, इ.स.पू. दुसऱ्या शतकात इथे आयबिसच्या सेवेत होता. पक्ष्यांच्या दफनात गैरप्रकार चालतात, याबद्दल तो कळवळून लिहितो. त्यावर नियम ठरला तो असा: एका मडक्यात एक देव. मेलेल्या प्रत्येक पक्ष्याला त्याने देव म्हटले आहे. भाविक पैसे मोजतो आणि मडक्यात पुरा पक्षीच नसतो, हे त्या माणसाला सहन होत नव्हते. इतक्या दूरच्या काळातला इतका प्रामाणिक सेवेकरी भेटला की आनंद होतो.

काशाचाही या दफनाशी थेट संबंध आहे. बसलेल्या मांजराच्या पोकळ मूर्तीत पिलाची ममी ठेवत. सरडा, बाम मासा, नाग यांच्यासाठी लांबट पेटी ओतत आणि झाकणावर तोच प्राणी बसवत. ब्रिटिश म्युझियममधल्या अशा सहा बंद पेट्या २०२३ मध्ये न्यूट्रॉनच्या साहाय्याने, न उघडता, आतून तपासल्या. तीन पेट्यांत हाडे निघाली, कापडाचे तुकडे निघाले. साध्या क्ष-किरणांना धातूच्या भिंतीतून हे नीट दिसत नव्हते.

याच प्राण्यांच्या ममींचे पुढे काय झाले तेही लिहायला हवे. १८९० मध्ये इजिप्तच्या दुसऱ्या एका ठिकाणाहून, बेनी हसनहून, मांजरांच्या ममी जहाजात भरून लिव्हरपूलला नेल्या. एक लाख ऐंशी हजार असाव्यात असे म्हणतात. शेतात खत म्हणून त्या दळून टाकल्या. मला हे वाचताना राग येतो आणि तो येत राहावा असेच वाटते.

मंगळवार, जुने कैरो

इब्न तुलुन मशीद नवव्या शतकातली. तिला लागून गेयर-अँडरसन यांचे घर आहे, पुलाने जोडलेली दोन जुनी घरे, आत लाकडी जाळ्यांच्या खिडक्या आणि कारंजे. ब्रिटिश सैन्यातला हा डॉक्टर १९३५ ते १९४२ इथे राहिला. ब्रिटिश म्युझियममधले जगप्रसिद्ध काशाचे मांजर त्याच्याच नावाने ओळखले जाते. इ.स.पू. ६०० च्या सुमाराचे, बेचाळीस सेंटीमीटर उंच, कानांत आणि नाकात सोन्याच्या कड्या, छातीवर चांदीचा डोळ्याचा ताईत. कैरोच्या घरात त्याची प्रतिकृती आहे.

मूळ मांजराच्या क्ष-किरण तपासणीत अंगभर गेलेली भेग आणि ती सावरण्यासाठी आतून दिलेला आधार दिसला. आज ते गुळगुळीत, हिरवट, निर्दोष दिसते, त्यात डागडुजीचा मोठा वाटा आहे. मामांना हे ऐकून त्या मांजराबद्दल जास्तच आपुलकी वाटली. पोकळ ओतकामात गाभा हलला तर भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ होते आणि पातळ जागी भेग जाते, हे त्यांनी मला हाताच्या ओंजळीने समजावले. म्हणून गाभा आणि बाहेरचा साचा यांच्यात धातूच्या बारीक खिळ्या घालून गाभा जागच्या जागी धरतात. इजिप्तचे ओतारीही नेमके हेच करत. जुन्या मूर्तींत त्या खिळ्यांच्या जागा अजून सापडतात.

संध्याकाळी अल-मुइझ रस्त्यावरच्या नह्हासीन म्हणजे तांबटांच्या बाजारात फिरलो. तिथे बास्टेट हवी तेवढी मिळते. हुबेहूब जुनी म्हणून कुणी काही दाखवले तर हात लावू नये. इजिप्तमध्ये १९८३ च्या कायद्याने पुरातन वस्तूंचा व्यापार बंद आहे, आणि अशी वस्तू खरी असेल तर ती कुणीतरी चोरून खणलेली असते. त्या खणण्यात पाटावरच्या नावासकट सगळी हकिकत पुसली जाते.

रात्री कोशरी खाऊन लक्सरची गाडी धरली. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा सार आणि तळलेला कांदा. शाकाहारी माणसाची इजिप्तमध्ये आबाळ होत नाही.

बुधवार, लक्सर

गाडी उशिरा पोहोचली. दिवसभर विश्रांती, संध्याकाळी नाइलकाठी फेरफटका.

गुरुवार, पश्चिम तीर

राजांच्या दरीत आम्ही गेलो नाही. शेख अब्द अल-कुर्ना टेकडीवर रेखमिरेचे थडगे आहे, तिकडे गेलो. रेखमिरे हा तिसऱ्या थुतमोसचा वजीर, म्हणजे इ.स.पू. पंधराव्या शतकातला. त्याच्या हाताखालचे सगळे कारखाने त्याने भिंतींवर रंगवून घेतले: चामडे, विटा, दोर, सोनारकाम आणि ओतकाम. चित्रे आपल्या काशाच्या देवांहून आठेकशे वर्षे जुनी आहेत, पण भट्टी तीच आणि मूसही तीच.

आत लांबट दालन, मागे मागे जावे तसे छत उंच होत गेलेले. डाव्या भिंतीपाशी मामा थांबले ते हलेचनात. चित्रात माणसे तांब्याच्या लाद्या आणि टोपल्या खांद्यावर घेऊन येत आहेत. राजाने रेत्जेनू म्हणजे सीरियाच्या बाजूचा मुलूख जिंकून आणलेला हा धातू, असे वर लिहिले आहे. भट्टीच्या दोन्ही बाजूंना पायभाते. माणूस एकेका भात्यावर एकेक पाय देऊन उभा. एक पाय दाबतो, दुसरा उचलतो आणि उचलताना हातातल्या दोरीने तो भाता वर ओढून पुन्हा हवेने भरतो. पुढच्या दृश्यात दोघे जण वाकवलेल्या काठ्यांच्या कैचीत मूस धरून उचलत आहेत. आणि शेवटी एका मोठ्या सपाट साच्यावर ओळीने फनेलसारखी तोंडे, त्यांत रस ओतणे चालले आहे. कर्नाकच्या देवळाचे काशाचे दार ओतत आहेत ते.

"एवढी तोंडं का ठेवलीत सांग," मामा म्हणाले.

मला सांगता येईना.

"दार म्हणजे पसरट आणि पातळ. एकाच तोंडातनं रस घातला तर पलीकडं पोचायच्या आत थिजतो. म्हणून इतकी तोंडं. आणि सगळी एका दमात भरायला लागतात, मधे थांबून चालत नाही. मोठी टोळी लागली असणार त्याला. आणि ही टोळी कसलेली आहे, बघ, कुणीच मुसेकडं पाठ करून उभा नाही."

मग त्यांनी उरलेले सांगितले. मूर्तीसाठी माती-वाळूचा गाभा करायचा, त्यावर मेण चढवायचे, मेणातच नाक, डोळे, पिसे, दागिने काढायचे. वरून मऊ मातीचे लेप, मग जाड मातीचा साचा. भाजला की मेण वाहून जाते आणि त्याच पोकळीत रस जातो. शुद्ध तांबे १०८५ अंशांना वितळते आणि साच्यात नीट पळत नाही. कथील घातले की आधी वितळते, शिसे घातले की आणखी पातळ होऊन बारीक रेघेत शिरते. इ.स.पू. ६६४ नंतरच्या, म्हणजे उत्तर काळातल्या कितीतरी मूर्तींत शिसे बरेच आढळते, आणि बोटभर मूर्तीच्या मुकुटावरच्या नागाचा फणासुद्धा त्यात उठून येतो, त्याचे कारण हे. मेणाचा नमुना वितळला की गेला, साचा फोडला की गेला. मेणाचे नमुनेच साच्यातून काढण्याची युक्ती छोट्या मूर्तींसाठी होती खरी, तरीही हाताचे काम प्रत्येकीवर होत असे. आदल्या रविवारी पाहिलेल्या दहा ओसायरिसांचे दहा चेहरे मला इथे कळले.

याच ओतारींनी काळे कासेही साधले होते. तांब्यात थोडे सोने-चांदी घालून वर विशिष्ट प्रक्रिया केली की निळसर काळा झळाळ येतो, आणि त्यावर सोन्याची तार बसवली की देवाचे अलंकार पेटल्यासारखे दिसतात. पॅरिसला लूव्रमध्ये आमुनची देवपत्नी म्हणजे त्या देवाची मुख्य पुजारीण कारोमामा हिचा एकोणसाठ सेंटीमीटरचा काशाचा पुतळा आहे. १८२९ मध्ये, चित्रलिपी उलगडणाऱ्या शाम्पोलियाँने तो इजिप्तमध्ये विकत घेतला. त्याच्यावरचे सोन्या-चांदीचे जडावकाम या कलेचा कळस मानतात.

शुक्रवार, देंदेरा

लक्सरहून उत्तरेला साठेक किलोमीटर, केना शहराजवळ. हाथोरचे हे देऊळ ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या अखेरच्या काळात, इ.स.पू. ५४ मध्ये बांधायला घेतले. छत धुऊन काढल्यापासून आतला निळा रंग पाहून मान दुखेपर्यंत वर बघावेसे वाटते.

ओतलेली वस्तू देव केव्हा होते, याचे उत्तर मला इथे हवे होते. इजिप्शियन देवळांत सुवर्णगृह नावाची कार्यशाळा असे. तिथे मूर्ती घडे आणि तिथेच तिच्यावर मुख उघडण्याचा विधी होई. अवजाराने ओठांना स्पर्श करायचा, म्हणजे ती श्वास घेईल, खाईल, ऐकेल. देंदेराच्या भिंतींवर अशा सुवर्णगृहाचे लेख आहेत. आणि भिंतींच्या पोटात अरुंद तळघरे आहेत, त्यांतल्या एकात आता उतरता येते. ओणवे होऊन, एका फटीतून आत सरकावे लागते. आत दोन्ही बाजूंना कोरीवकाम इतके ताजे की हात आपोआप मागे घेतला जातो. देवळातल्या मूर्तींची ही एक प्रकारे नोंदवही आहे. मूर्तीचे चित्र, शेजारी ती कोणत्या द्रव्याची आणि किती उंच याचा मजकूर. मूर्ती गेल्या, नोंद राहिली.

याच तळघरात कमळातून निघालेल्या नागाचे एक चित्र आहे. त्याला विजेचा दिवा ठरवून जगभर गोष्टी पसरल्या आहेत, आमच्या पुढच्या गटालाही तेच सांगितले जात होते. शेजारचा लेख कमळातून उगवणाऱ्या हार्सोम्तुस देवाच्या मूर्तीबद्दल बोलतो आणि तो वाचता येतो. माणसांनी श्रद्धेने लिहून ठेवलेले सोडून आपण त्यांच्या तोंडी भलतेच घालावे, हे मला अन्यायाचे वाटते.

छपरावर जाणाऱ्या जिन्याच्या भिंतींवर पुजाऱ्यांची मिरवणूक कोरली आहे. नववर्षाच्या दिवशी हाथोरची मूर्ती देव्हाऱ्यासह खांद्यावर घेऊन ते याच पायऱ्यांनी वर जात आणि छपरावरच्या मंडपात तिच्या तोंडावर सूर्याचे ऊन पडू देत. आम्हीही त्याच पायऱ्या चढलो. पायांनी त्या इतक्या झिजल्या आहेत की दगडाचा नुसता उतार झाला आहे.

शनिवार, कर्नाक

कर्नाकला सगळे खांबांच्या महामंडपात रमतात. तिथून दक्षिणेकडे वळले की सातव्या पायलॉनपुढे, म्हणजे देवळाच्या भव्य दरवाजा-भिंतीपुढे, एक मोकळे अंगण लागते. गवत, भिंतींवरचे लेख, कडेला ठेवलेले दगड. या अंगणाखाली १९०३ च्या अखेरीस फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जॉर्ज लेग्रँ याला खड्डा सापडला. १९०७ पर्यंत तो उपसत होता. सातशेहून अधिक दगडी पुतळे निघाले आणि काशाच्या मूर्ती सुमारे सतरा हजार. पुन्हा बहुतेक ओसायरिसच. भूजल सारखे वर येई, चिखलात हात घालून एकेक वस्तू काढावी लागे. अखेर पाण्यामुळेच काम थांबले.

टॉलेमी काळाच्या शेवटी किंवा रोमन काळाच्या सुरुवातीला पुजाऱ्यांनी हे सगळे इथे उतरवले असावे. शतकानुशतके आलेल्या भेटींनी देऊळ भरले, नव्यांना जागा करायची, पण देवाला दिलेले देवाच्या हद्दीबाहेर कसे न्यायचे? आपल्याकडे भंगलेली किंवा जुनी झालेली मूर्ती कचऱ्यात टाकत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. त्यांनी ती देवळाच्याच मातीत ठेवली.

अंगणात सावलीला बसून मी मामांना आकडा सांगितला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सतरा हजार नग. कासं म्हणजे मोडीचा माल, कधीही वितळवावा आणि पुन्हा ओतावं. आमच्यात साधी चिरकी निघाली तरी ती भट्टीत परत जाते. यांच्या दारात भट्टी होती, ओतारी होते, धातू तर सीरियातनं आणायला लागायचा. तरीबी इथं एवढं ठेवून दिलं."

मी त्यांना म्हटले, पाटावर नावे होती म्हणून असेल. वितळवले असते तर देणाऱ्याचे आयुष्य मागणेही वितळले असते. ते म्हणाले, "नाव नसलेलीपण ठेवलीच की." खरे आहे. बहुसंख्य मूर्तींवर नाव नाही. ज्यांना लेखनिकाचे पैसे परवडले नाहीत, किंवा ज्यांचा नावाचा लाकडी पाट कुजून गेला, त्यांचीही भेट पुजाऱ्यांनी मोडीत काढली नाही.

लेग्रँच्या घाईत कुठली वस्तू कुठल्या थरात होती हे पुष्कळसे हरवले. त्याच्या वह्या, जुने फोटो आणि संग्रहालयांच्या नोंदी जुळवून कैरोच्या फ्रेंच पुरातत्त्व संस्थेने या साठ्याची सूची इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली आहे. परतल्यावर ती जरूर चाळावी. खारगा मरूद्यानात ऐन मनाविर येथे याच संस्थेच्या लोकांना ओसायरिसच्या एका लहान देवळात साडेतीनशेहून अधिक काशाच्या मूर्ती जागेवरच मिळाल्या, त्यांतल्या काहींचे लाकडी पाटही टिकून होते. तिकडे आम्हाला जाता आले नाही.

शेवटी उत्तरेच्या तटाजवळच्या प्ताहच्या देवळाकडे चालत गेलो. महामंडपापासून दहा मिनिटांवर, आणि वाटेत कुणी नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये याच देवळामागे फ्रेंच-इजिप्शियन पथकाला एक लहान खड्डा मिळाला. अडतीस वस्तू होत्या. प्ताहच्या चुनखडीच्या मोडक्या मूर्तीचा खालचा भाग, त्याच्याभोवती ओसायरिसच्या चौदा मूर्ती आणि त्याच्याच मूर्तींचे आणखी अकरा तुकडे, तीन वानरे, मूत देवी, बास्टेटची डोकी, एक लहान स्फिंक्स. या वेळी कुणी घाई केली नाही. प्रत्येक थर उघडताना त्याची मोजमापे आणि छायाचित्रे घेतली, त्यामुळे पुजाऱ्याने आधी काय ठेवले आणि नंतर काय ठेवले, तो क्रम आता माहीत आहे. मोडलेला प्ताह आधी बसवला आणि मग बाकीचे देव त्याच्या भोवती मांडले.